शुक्रवारचा भाग बघण्याआधी

मंगळवार, १२ मार्च

अहो आई,

नमस्कार. गुडघा कसा आहे? रात्री खाली उशी घेताय ना? शेजारच्या काकूंना मी सांगून आले होते की जिना चढताना आईंना हात द्या. त्या येतात, की स्वतःच्याच दुखण्याचं पुराण लावून बसतात? पायाला दोरी लावून ताणायचा व्यायाम चुकवू नका. मी समोर नसले की तुम्ही टाळाटाळ करता, मला माहीत आहे.

मी बरी आहे. जेवणखाण व्यवस्थित चाललंय. कार्यक्रमाच्या बंगल्यातून मी बाहेर पडले, हे तुम्हाला अजून कळलं नसेल. टीव्हीवर मी अजून आतच आहे, पोहण्याच्या तलावाच्या काठावर पाय सोडून हसत बसलेली. प्रत्यक्षात मी विमानवालीच्या घरी आहे. विमानवाली म्हणजे ती उंच, मोठ्याने बोलणारी हवाई सुंदरी, जी तुम्हाला पहिल्या भागात नक्कीच आगाऊ वाटली असेल. माझ्या मागोमाग तीही बॅग उचलून बाहेर पडली आणि मला टॅक्सीत घालून इथे घेऊन आली. तिच्या बाल्कनीतल्या घडीच्या टेबलावर लिहितेय. टेबल डुगडुगतं, त्यामुळे अक्षर गचाळ आलंय. टेबलामुळेच, असं समजा.

फोन का केला नाही म्हणाल. तुमचा आवाज ऐकला असता तर नेहमीसारखी विरघळले असते, आणि जे सांगायचं ते पोटातच राहिलं असतं.

आधी तिथली गंमत सांगते. सगळे एकटे जीव एका बंगल्यात कोंडलेले, कमरेला माइकची डबी बांधलेली. सकाळी उठवताना कर्ण्यावरून आवाज यायचा, ‘चला, प्रेमाची वेळ झाली!’ दात घासताना कसलं आलंय प्रेम? जिममास्तर एकाच आठवड्यात तिघींच्या प्रेमात पडला आणि तिघींनाही ‘तुझ्यासारखी कुणी भेटलीच नाही’ म्हणाला. तिघींनी मिळून त्याला तलावात ढकलला. तो भाग तुम्ही बघितला असेल.

आणि केकवाला. तो तुम्हाला आवडला असता. त्याची स्वतःची बेकरी आहे, बोलताना हात पिठात बुडाल्यासारखे अंगापासून लांब धरतो. गरीब स्वभाव. एकदा त्याने विचारलं, ‘तुमचं लग्न का मोडलं?’ मी नेहमीचं उत्तर दिलं, ‘नवऱ्याचं मन उडालं.’ तो म्हणाला, ‘असं तो स्वतः म्हणाला?’

मी म्हटलं, ‘नाही. सासूबाई म्हणाल्या.’

बोलून गेले आणि विसरूनही गेले. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मध्ये उठून चहा करून आले. चहा निवला, तरी पुढचं वाक्य सुचेना. आता सरळच लिहिते.

काल आम्हाला दिवाणखान्यात अर्धवर्तुळात बसवलं होतं. समोर मोठं काचेचं दार. सूत्रसंचालिका म्हणाली, ‘आज या दारातून तुमचा भूतकाळ आत येणार आहे.’ आम्हाला कुणाला काही माहीत नव्हतं. आधी जिममास्तरची जुनी मैत्रीण आली, तिने त्याला धू धू धुतला, आम्ही हसून लोळलो. दार परत उघडलं तेव्हा मी अजून डोळे पुसत होते.

तुमचा लेक आत आला, आई.

कानाजवळचे केस पिकलेत. बारीक झालाय. तुम्ही तर म्हणायचात, मजेत आहे, अंगाने भरलाय, मागचं नावही काढत नाही.

तो समोरच्या खुर्चीत बसला. सूत्रसंचालिकेने विचारलं, ‘काय सांगायचंय तुम्हाला हिला?’

‘सांगायचं नाही. विचारायचंय.’ माझ्याकडे बघून म्हणाला, ‘तू आली का नाहीस?’

‘कुठे?’

‘माझ्याकडे. नोकरीच्या गावी. घर घेतलं होतं. तुझ्या फिजिओथेरपीच्या पेशंटसाठी पुढची खोली मोकळी ठेवली होती.’

मला हसू आलं. खरंच हसले मी, शुक्रवारी दिसेलच. म्हटलं, ‘तूच तर सांगितलंस, तिला पाठवू नकोस म्हणून.’

‘कुणाला सांगितलं?’

‘आईंना.’

तो खुर्चीत पुढे सरकला. मग एकेक शब्द सुटा करून म्हणाला, ‘मी आईला सांगायचो, तिला पाठव. दर फोनला सांगायचो. आई म्हणायची, तिलाच यायचं नाही, इथली प्रॅक्टिस सोडवत नाही. तू मागे लागलास तर अजून बिथरेल.’

मी मांडीवरची उशी सरळ करत राहिले. ती सरळच होती. कुणीतरी माझ्या हातात पाणी दिलं आणि मी ते कुंडीत ओतलं. का, ते विचारू नका.

‘मी एकदा आलोही होतो,’ तो म्हणाला. ‘तुझ्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. आईने दारातूनच सांगितलं, तू क्लिनिकमधल्या डॉक्टरबरोबर बाहेरगावी गेलीस. त्यानंतर मी वकिलाकडे गेलो.’

आई, त्या दिवशी मी वरच्या खोलीत तापाने फणफणत होते. तुम्ही कपाळावर पट्ट्या ठेवत होतात. बेल वाजली, तुम्ही खाली गेलात, बराच वेळ बोलणं ऐकू येत होतं. वर आलात तेव्हा मी विचारलं, ‘कोण होतं हो?’ तुम्ही म्हणालात, ‘मीटर बघणारा.’ पट्टी पिळून पुन्हा ठेवलीत. मग रात्रभर उशाशी बसून राहिलात. मला वाटलं, माझ्या काळजीने.

हे मी तिथे, सगळ्यांसमोर बोलले. जिममास्तरसुद्धा मान खाली घालून बसला होता. तेवढ्यात मागून दिग्दर्शकाचा आवाज आला, ‘सर, ते दारातून सांगितलं हे वाक्य परत एकदा घेऊ या का? जरा मॅडमकडे वळून.’

माझ्या मोडलेल्या संसाराचा रिटेक! मी माइकची डबी काढून टेबलावर ठेवली आणि काचेच्या दारातून बाहेर चालू लागले. केकवाला मागून धावत आला. मला वाटलं, आता हा समजूत घालणार. तो म्हणाला, ‘तुम्ही अनवाणी आहात. चप्पल आणू का?’ तेव्हा मला रडू फुटलं.

बंगल्याच्या मागे जनरेटरची गाडी उभी असते. तिच्या आडोशाला, सामानाच्या पेट्यांवर मी आणि तुमचा लेक बसलो. इतक्या वर्षांनी शेजारी बसलो. तो म्हणाला, ‘मी तुला सरळ फोन करायला हवा होता.’ मी म्हटलं, ‘मीही.’ तो नोकरीच्या गावी जाताना आमचं भांडण झालं होतं, तुम्हाला आठवत असेल. तो म्हणाला होता, तू येशील तेव्हा ये. मी म्हटलं होतं, न्यायला ये. नव्या संसारातला रुसवा होता तो, आठवड्याभरात निवळला असता. पण त्याला वाटलं, आई खोटं कशाला बोलेल? मलाही तेच वाटलं. कोर्टातही आम्ही वकिलांच्या तोंडूनच बोललो.

आम्ही दोघांनीही तुमच्यावर विश्वास ठेवला, म्हणून आमचं लग्न मोडलं. हे वाक्य मी कालपासून मनात किती वेळा फिरवलं, पण ते खरं वाटत नाही.

का केलंत, हेही मला कळतंय, आणि तेच सहन होत नाही. सासरे नुकते गेले होते. लेक लांब. घरात मीच होते तुमचे पाय चोळायला, तुमच्याबरोबर पत्ते खेळायला. लेक गेला तर सणावाराला येईल, सून गेली तर घर रिकामं, असं वाटलं असेल. मला सांगायचं होतं. मी म्हटलं असतं, चला, तुम्हीही आमच्याबरोबर चला.

आणि मग या कार्यक्रमाला माझे फोटो तुम्हीच का पाठवलेत? निळा ड्रेस तुम्ही निवडलात. ‘मी असेपर्यंत तुझं घर बसू दे’ म्हणून मागे लागलात. मी तेव्हा तुमच्या गळ्यात पडून रडले, की घटस्फोटानंतरही सुनेला घरात ठेवून घेणारी अशी सासू कुणाला मिळते! मनाला खात होतं का? खात होतं तर तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं.

आम्ही परत एकत्र येऊ का, हे मनातही आणू नका. त्याच्या ऑफिसात एक बाई आहे. चांगली आहे म्हणाला. तिनेच त्याला कार्यक्रमात पाठवलं, ‘आधी तिला विचारून ये, मग माझ्याशी बोल,’ म्हणून. अशा बाईचं मी काय वाईट चिंतू?

सगळ्यात मोठा धक्का कसला बसलाय, सांगू? तिथून बाहेर पडल्यावर, टॅक्सीत बसल्या बसल्या पहिल्यांदा मला कुणाला सांगावंसं वाटलं असेल, तर तुम्हाला. ‘अहो आई, ऐका ना, माझ्याबरोबर काय झालं!’ तोंडात शब्द आलेसुद्धा. मग कळलं, आता ते सांगायला माझ्याकडे कुणीच नाही.

तो भाग दाखवू नका म्हणून मी कार्यक्रमवाल्यांना विनवलं. ऐकत नाहीत. शुक्रवारी दाखवणार आहेत. म्हणून पत्र कुरिअरने पाठवतेय, गुरुवारी हातात पडेल. तुम्ही तोंडावर पडावं, अशी माझी इच्छा नाही. त्या दिवशी टीव्ही लावू नका. काकूंना आणि आजूबाजूच्या बायकांना सांगा, डोकं दुखतंय. नंतर त्या बोलतीलच, त्याला माझा इलाज नाही.

रविवारी सकाळी आम्ही दोघं येतोय. घाबरू नका, तो आरडाओरडा करणार नाही, मी वचन घेतलंय. फक्त एक करा. त्याला दुकानात पाठवून माझ्याशी हळू आवाजात बोलू नका. मला स्वयंपाकघरात नेऊन त्याच्याबद्दल काही सांगू नका. आम्ही शेजारी बसू, तुम्ही समोर बसा. काय सांगायचं ते सांगा, रडायचं असेल तर रडा, पण दोघांना एकच सांगा.

गुडघ्यावर शेक घ्या. रागावले म्हणून तेवढं सांगायचं थांबवता येत नाही.

दर पत्राखाली ‘तुमची मुलगी’ लिहायचे. आज हात तिथेच थांबलाय. पुढे काही सुचत नाही, म्हणून एवढंच.

तुमची