बिनशिलाईची ब्लँकेटं

दांडिया बाजार, बडोदे
२९ डिसेंबर २००३

तीर्थरूप अक्कासाहेबांच्या चरणी धाकट्या विजयमालेचा शिरसाष्टांग नमस्कार.

दाजींचा गुडघा कसा आहे, देवासला थंडी किती पडली, लोणच्याला बुरशी तर आली नाही ना, हे सगळं सविस्तर कळवावं. इकडे आम्ही सर्व सुखरूप आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. खरं म्हणाल तर गल्लीत तोंड दाखवायची सोय राहिलेली नाही, आणि त्याला कारण तुमची लाडकी भाची.

भक्ती दिवाळीला अमेरिकेहून आली ती अख्खी एक बॅग भरून फ्लीसचं कापड घेऊन. (फ्लीस म्हणजे मांजराच्या पिल्लासारखं मऊ लोकरी कापड. झटकलं की बोटाला विजेचा बारीक चटका बसतो.) तिकडे म्हणे बायका जमून याची ब्लँकेटं करतात आणि शेजारपाजारच्या गरजूंना वाटतात. शिवायचं काही नाही. दोन कापडं एकावर एक ठेवायची, चारी कडांना कात्रीने झालरीसारख्या पट्ट्या कापायच्या आणि वरची पट्टी खालच्या पट्टीला बांधत जायचं. सुईदोरा नको म्हटल्यावर मी भुलले. मला साधं बटण लावता येत नाही हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक?

माझ्या मनात पहिल्यापासून एकच घर होतं, भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या निरुपमावहिनींचं. वसंतराव गेल्यापासून त्यांना येणं असं काही नाही. पांघरूण म्हणून वसंतरावांचा जुना कोट अंगावर घेतात आणि सकाळभर खोकतात. पण वहिनी पडल्या मानी. एकट्या त्यांनाच दिलं तर डोळ्यावर येईल, म्हणून आणखी तीन-चार घरी द्यायचं ठरवलं. इथेच माझी अक्कल संपली.

मी पट्ट्या कापतेय तोवर ह्यांनी गाठींचा ताबा घेतला. कोयलीच्या रिफायनरीतून निवृत्त झाल्यापासून ह्यांना हुकूम सोडायला कोणी उरलेलं नाही. म्हणाले, आमचे पणजोबा सरकारच्या पागेत होते, आम्हाला गाठ कोण शिकवणार? मग घोडा बांधायच्या गाठी मारल्या, पाय लावून ओढून. पहिलं ब्लँकेट असं आकसलं की त्यात फार तर एक भोपळा मावला असता. (पिशवी म्हणून उत्तम आहे, असं ह्यांचं मत पडलं.) बाकीच्या गाठी मी उकलून पुन्हा बांधल्या, नखं गेली. त्यात कापडावर चित्रं काय, तर बर्फातली अस्वलं आणि टोप्या घातलेले पेंग्विन.

वाटली एकदाची. दुसऱ्या दिवशी समोरच्या रसिलाबेन हातात झाकलेला डबा घेऊन दारात उभ्या. हळूच म्हणतात, "विजयाबेन, संचो वेची नाख्यो? अमने कहेवुं तो हतुं." (संचो म्हणजे शिवणाचं मशीन. ते मी विकलं आणि त्यांना सांगितलंदेखील नाही, ही त्यांची तक्रार.) गल्लीने ब्लँकेटं उलटीपालटी करून पाहिली होती. टाका कुठेच नाही, कापड लहान मुलांचं, कडांना नुसत्या गाठी. निष्कर्ष निघाला की बिचारीचं मशीन गेलं, दोऱ्याचीही ऐपत राहिली नाही, आता मुलीचे जुने फ्रॉक जोडून घरोघर फिरतेय, म्हणजे कोणीतरी हातावर काही ठेवील. आमच्याकडे मशीन कधी नव्हतंच, पण ऐकतंय कोण? संध्याकाळपर्यंत खिचडी आली, थेपले आले, आणि गल्लीच्या टोकाच्या मानसिंगरावांकडून ह्यांच्यासाठी निरोप आला की करजणला एका गोदामावर राखणदार हवा आहे. पणजोबांचं नाव सांगणारे आमचे सरदार त्यावर ताटावरून उठले. (नंतर खिचडी खाल्ली. बरी होती म्हणाले.)

अक्का, तेही मी सोसलं असतं. पण मग निरुपमावहिनी आल्या. ब्लँकेट नीट घडी करून परत, आणि वर वाटीभर तूप. ज्या घरात भाकरीला तेल मोजून लावतात तिथलं तूप. म्हणाल्या, "विजयाताई, माझं भागतंय हो. सध्या तुम्हालाच लागेल. संकोच करू नका, शेजारी असतात कशाला?" त्यांना देताना बोलायला म्हणून मी जे पाठ केलं होतं, ते त्यांनीच मला ऐकवलं. मला रडू कोसळलं, तर त्यांना वाटलं गरिबीने रडतेय, उलट मलाच पोटाशी धरलं. किती सांगितलं तरी ब्लँकेट काही घेईनात. आता तूप फडताळात आहे, भिंतीपलीकडे खोकला चालू आहे, आणि मी हात टेकले आहेत.

दाजींना नमस्कार सांगा आणि या अडाणी बहिणीवर लोभ असू द्या.

तुमची,
विजू

ता. क. सोबत पार्सल आहे, पेंग्विन पाहून दचकू नका. वहिनींचं माहेर तुमच्या देवासचं, आणि तिथे आता त्यांचं कोणी उरलेलं नाही. शेजारणीकडून घ्यायला त्यांना जड जातं, पण माहेरून आलेल्याला कोणी नाही म्हणत नाही, आणि ते फेडायचंही नसतं. तेव्हा माझी बहीण म्हणून नव्हे, त्यांच्या माहेरगावची म्हणून, संक्रांतीचं असं सांगून तुम्ही हे तुमच्या नावाने, तुमच्या अक्षरात पत्ता घालून त्यांना पाठवा. पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं.

ता. क. २. पाठवण्याआधी सगळ्या गाठी कापा, वहिनींनी ओळखू नये म्हणून पेंग्विन झाकतील असं जुन्या लुगड्याचं कापड दोन्हीकडून लावा आणि कडेने मशीन मारा. टाका लांबून दिसला पाहिजे.

ता. क. ३. माझं नाव कुठे नको. पार्सल आलं की वहिनी ते मला दाखवायला आणतील. मी हात फिरवून म्हणेन, याला म्हणतात ब्लँकेट, नाहीतर आमची ती चिंध्यांची गाठोडी. त्यावर त्या माझी कीव करतील. करू देत. तुम्ही उशीर मात्र करू नका.