बॅटरीचं विरजण

डोंगरकडा, मार्गशीर्ष, मंगळवार, १९४६

लिहिल्याबिगर आज झोप न्हाई येणार. आमची सुमन, माझ्या लेकीची लेक, सांजेला रेडिओवर गायली. आन् आख्ख्या गावानं ती ऐकली कुठं? आमच्या ओसरीवर.

पाटलाचा रेडिओ मोठा, पण बॅटरी मेलेली. ती पार संपू द्यायची, मंग रिकामीच कोपऱ्यात ठेवायची आन् बाजाराला गाडी निघाली की बाळापूरला गिरणीच्या इंजिनवर भरायला धाडायची, ही त्याहीची रीत. मी म्हणलं व्हतं, "भाऊजी, दह्याचं गाडगं कोणी चाटून पुसून खाते का? विरजण ठेवावं लागते."

"वहिनी, बॅटरीत दही न्हाई, तेजाब हाय," म्हणून हसले. आता आतल्या पत्र्यांवर पांढरं धरलं, भरतच न्हाई.

मी आमची बॅटरी रेडिओचा आवाज बसायच्या आधीच धाडते. विरजण ठेवूनच. त्यापायी मालकाची किती बोलणी खाल्ली. "भरलेलीच काहून भरून राहिली?" परवा बॅटरी राखायला भजन अर्ध्यात बंद केलं, तर रुसून जेवले न्हाईत.

आज पोरीनं सूर धरला आन् माझं सारं ध्यान बॅटरीकडं. मधीच रेडिओ बंद पडला तर? न्हाई पडला. शेवटपर्यंत खणखणीत.

पाटील हळूच म्हणाले, "वहिनी, नवी बॅटरी आणली की तुमच्यापाशीच ठेवतो."

"ठेवा. पण मी म्हणेन तवा बंद करायचा."

आन् तिथंच बटन पिळलं. पुढं कोणाची तरी सनई लागली व्हती. मालकांनी मान डोलावली आन् जेवायला वाढ म्हणाले.