पॅडवरची कानबाई

डिंडोली, सुरत
१४ जुलै २०२४

ती. सौ. शोभाआत्यास,
धनश्रीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू निम्मं ऐकतेस आणि उरलेलं मनाने जुळवतेस, म्हणून हे पत्र. उधन्याच्या कारखान्यात मी साड्यांच्या भरतकामाची डिझाइनं कॉम्प्युटरवर काढते, हे तू धरणगावभर सांगून झालं असेलच. पण त्या खुर्चीवरच गदा आली आहे. शेजारी भरतकामाची मशिनं चालतात, त्यांच्या दोऱ्यांची लव उडून माऊसच्या पोटाखाली अडकते. त्यात संध्याकाळच्या पाळीचा ललित इथला तेल ओतलेला, खमणासारखा लोचो खातो आणि तेलकट हातानेच माऊस धरतो. मग पडद्यावरचा बाण टुणटुण उड्या मारतो. परवा तो असा उडाला की मोराला दोन माना फुटल्या आणि साड्यांवर तसेच मोर भरून निघाले. मगनशेठ म्हणाले, पुन्हा असं झालं तर खाली धागे कापायला बसायचं.

मी एक पॅड योजलं आहे. मधे गुळगुळीत साटीन, भोवती उभ्या लवेच्या मखमलीची पट्टी. आपण पायपुसण्यावर पाय पुसतो, तसं माऊसने येता-जाता पोट पुसायचं. माप आणि तुकडे सोबत आहेत. तुझ्याइतकी सरळ शिलाई अख्ख्या सुरतेत कुणाची नाही. हे लोणी नाही. बरं, थोडं आहे.

लोभ आहेच, पॅड लवकर आलं तर वाढेलही.
तुझी धनश्री

धरणगाव
२४ जुलै

चि. धनश्रीस,
अ. उ. आ.

पॅड पाठवते आहे. तुझी मखमल लव झाडेल गं, पण ललितच्या हाताचं तेल कोण झाडणार? तेवढं तुझ्या योजनेत राहिलं होतं. म्हणून वरच्या कोपऱ्यात मी एक चेहरा भरला आहे. तो उसवायचा नाही.

आणि या ललितचं नाव तुझ्या बोलण्या-लिहिण्यात जरा जास्तच येतं. विठ्ठलच्या कानावर घालू का? बाप आहे तुझा, आनंदच होईल त्याला.

जेवणाची हेळसांड करू नकोस.
तुझी आत्या

डिंडोली
५ ऑगस्ट

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आत्या, तू कमाल केलीस! वटारलेले डोळे, कपाळभर टिकली, नथ. ललितने बघितलं आणि आधी चपला काढल्या. ही तर कानबाई, म्हणाला. तोही आपल्या खानदेशातलाच, घरी दरवर्षी श्रावणात देवी बसते, तिच्या नैवेद्याचे रोट होतात. आता साबणाने हात धुतल्याशिवाय तो माऊसला शिवत नाही. लोचो दाराबाहेर गेला. मखमलही आपलं काम चोख करते. बाण सरळ चालतो, मोर एका मानेचे निघतात, माझी खुर्ची वाचली.

मगनशेठनी तर या कुठल्या माताजी म्हणून विचारलं आणि हात जोडले. त्यांना प्रत्येक टेबलावर असंच पॅड हवं आहे. रविवारी घरोघरी कानबाई बसेल, तेव्हा कारखान्यात या पॅडपुढेही नारळ फुटणार आहे. मला मात्र धाकधूक वाटते. देवीच्या पुढ्यात दिवसभर माऊस घासते, पाप तर लागणार नाही ना? ते डोळे दिसले की मीसुद्धा आपोआप मोरीकडे वळते.

उलट टपाली धीर दे.
तुझी धनश्री

धरणगाव
१३ ऑगस्ट

चि. धनश्रीस,
अ. उ. आ.

पाप लागायचं नाही, कारण ती कानबाई नाही. ती मी आहे.

लग्नातल्या फोटोवरून भरली, नथही तीच. लहानपणी सुट्टीत यायचीस, तेव्हा मी उंबऱ्यात नुसती उभी राहिले तरी तू हात धुवायला पळायचीस. म्हटलं, जी नजर तुझ्यावर चालली ती ललितवरही चालेल. लोक देवी समजतील, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. तुझं पत्र आल्यावर रोटाच्या दिवशी खऱ्या कानबाईपुढे नाक घासलं. ती रागावलेली दिसली नाही. तिलाही लेकीबाळींच्या खुर्च्यांची काळजी असणारच. तुझी राहिली, माझा जीव भांड्यात पडला.

शेठना यातलं अक्षर सांगू नकोस. बाकीची पॅडं भरायला घेतली आहेत. शेठसाठी मी जरा हसरी काढते.

आणि नारळ फुटलाच असेल, तर खोबऱ्याची वाटी माझ्याकडे पाठव. जन्मात पहिल्यांदा कुणी माझ्यापुढे नारळ फोडला, प्रसाद मलाच नको का?

तुझी आत्या,
हल्ली उधन्याची माताजी