पाठमोरा दिवेवाला

२२ जाने. २००७, जव्हार
सलीमने भिवंडीहून आणखी एक सीडी आणली. सायबर त्याचं, टायपिंगचा क्लास माझा, आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की गेम दोघांचे. सीडीत सगळ्या गाड्या नि बंदुका, कोपऱ्यात एक बिननावाचा. सलीमने तो थोडा खेळून सोडला. "इसमें कुछ होता ही नहीं यार."

खरंच काही होत नाही. स्क्रीन काळी, मधे गोल भोक. भोकातून दिसतो एक माणूस, पाठमोरा, हातात दिवा. तो चालतो, आपण मागे. बाजूला भरकटलं की अंधार. बंदूक नाही, संगीत नाही, एक शब्द नाही. कुणाचा तरी श्वास तेवढा ऐकू येतो. बाहेर भर दुपार, चहावाल्याची किटली, आणि माझ्या अंगावर काटा. मग लाइट गेली. बरं झालं.

२५ जाने.
पुन्हा पहिल्यापासून. लोडशेडिंगच्या कृपेने रोज पहिल्यापासूनच.

गाव लागतं. आपण जवळ गेलो की घरांची दारं बंद होतात. धाडकन नाही. आतून कुणीतरी कडी वाजू नये म्हणून जपून लावून घेतं. हे ज्याला सुचलं त्याला मानलं. एकट्या माणसाने केलाय म्हणे, कुठल्याशा बर्फाच्या देशात बसून, आणि फुकट वाटलाय. घाबरवायची घाई नाही त्याला. दुसरा असता तर दर दोन पावलांना एक भूत उभं केलं असतं.

सलीमने नेटवरची चर्चा काढली. सगळ्यांचं एकमत: दिवेवाला हाच सैतान, शेवटी वळणार, आणि त्याला तोंड नसणार. बंद दारं म्हणजे पाप. गावातली कोरडी विहीर म्हणजे आई. सलीमला सगळं पटलं. मला विहिरीचं नाही पटलं. आमच्याकडे मार्चनंतर सगळ्या विहिरी तशाच असतात.

४ फेब्रु., मोखाडा
घरी. बाबांचा गुडघा तसाच. सकाळी पंच येऊन गेले. बोहाड्याच्या रात्री मुखवटे नाचतात, त्यात त्राटिकेचं सोंग आमच्या घराचं, आज्याच्याही आधीपासून. गेल्या साली टेंभेवाल्यामागे नाचता नाचता बाबा मुखवट्यासकट खाली बसले, दोघांनी धरून उठवलं. यंदा घरातून कुणी उभं राहिलं नाही तर मान दुसऱ्या घराला जाणार. पंचांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, बघतो. बाबांनी बिडी अर्धीच विझवली.

मला नकोय. लुगडं नेसून नाचायचं, आणि बघायला क्लासची पोरं, जी मला सर म्हणतात. आणि दुसरं, जे कुणाला सांगत नाही. मला त्या मुखवट्याची अजून भीती वाटते. आत बाबा आहेत हे माहीत असूनही लहानपणी किंचाळायचो. दुसऱ्या दिवशीही त्यांच्या ताटात जेवायला बसायचो नाही.

१४ फेब्रु., जव्हार
शोध लागला! खेळताना शिंक आली, हात कीबोर्डवरून सुटला, मी थांबलो. दिवेवालाही थांबला. वळला नाही, नुसता उभा राहिला. मी चाललो, तोही चालला. सलीमला बोलावून दाखवलं. इतके दिवस हा त्याला शिव्या घालतोय, किती हळू चालतो म्हणून. तो मागच्याची पावलं ऐकत चालतो, म्हणून हळू. घात करणारा असं चालत नाही.

मग दारं कुणाला भिऊन लागतात? तो दारापुढून जातो तेव्हा दार उघडंच असतं. पुन्हा पुन्हा पाहिलं. मी आलो की लागतं.

आणि सगळ्या गेममध्ये आपले हात दिसत नाहीत. कुठे आरसा नाही. विहिरीत पाणी नाही, वाकून पाहिलं तरी तोंड दिसायचं नाही. सलीम म्हणतो, बनवणारा आळशी. आळशी कसला, बिलंदर आहे. आपण कोण आहोत हे त्याने एकदाही दाखवलेलं नाही. दोन बोटांएवढं भोक, आपलाच श्वास, पुढे उजेड धरून चालणारा...

सोंग. मी सोंग आहे. मुखवट्याच्या आत आहे.

विहिरीबद्दल जे लिहिलं ते मागे घेतो.

१५ फेब्रु.
सलीम पोट धरून हसला. "तेरेको हर चीज में बोहाडा दिखता है." दिसत असेल. त्या बर्फातल्या माणसाने मोखाड्याचं नावही ऐकलेलं नसणार. तरी त्याच्या पाया पडावंसं वाटतं. भूत कसं दिसतं ते सगळेच दाखवतात. भुताला काय दिसतं ते याने दाखवलं.

६ मार्च, मोखाडा
होळी झाली. बाबा अंगणात गुडघ्याला तेल चोळत बसलेले. विचारलं, आतून काय दिसतं हो? इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

"काय दिसायचंय. पुढचा टेंभा दिसतो. न् आपला दम ऐकू येतो."

आणि लोक?

"लोकं नाय दिसत. पोरं रडत्यात ते ऐकू येतं." पुन्हा तेल घेतलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझं रडणं वळखायचो मी."

मग?

"मंग काय. टेंभा पुढं गेलेला असतो."

मी उठून घरामागे गेलो. तिथे काही काम नव्हतं.

२० मार्च, जव्हार
गेम संपला. शेवटच्या घराशी दिवेवाला दिवा खाली ठेवतो आणि भोकाबाहेर निघून जातो. बस. तोंड दाखवतच नाही. पुढे चालता येत नाही, काही नाही. सलीम म्हणाला, सीडी खराब. मी उगाच एकेक बटण दाबत राहिलो, आणि मान वळली. आख्ख्या गेममध्ये मागे बघता येत नाही, इथेच येतं.

मागे सगळं गाव. जी जी दारं माझ्या तोंडावर लागली होती ती सगळी उघडी. आत उजेड, उंबऱ्यांवर माणसं. सोंग पुढे गेलं की लोक पुन्हा अंगणात येतात, तशी.

सलीम खुर्ची ओढून स्क्रीनजवळ आला. मग "अरे", एवढंच. माझे डोळे भरून आले. लपवले नाहीत.

नेटवरच्या चर्चेत हे कुणी लिहिलेलं नाही. दिवा खाली ठेवल्यावर सगळे बंद करून उठले असणार. आपण लिहावं म्हणून इंग्रजी जुळवायला बसलो, त्राटिकेला काय म्हणावं तिथेच गाडी अडली.

८ एप्रिल, मोखाडा
पंचांना हो सांगून टाकलं. टेंभा कोण धरणार, असं निघालं तर बाबा म्हणाले, मी. आईने कपाळावर हात मारला.

आज मुखवटा चढवून पाहिला. आत जुना रंग, धूर, आणि बाबांच्या खोबरेलाचा वास. भोकं त्यांच्या डोळ्यांच्या मापाची, मला एकाच डोळ्याने नीट दिसतं. पुढे बाबा, न पेटवलेला टेंभा धरून, लंगडत. मी मुद्दाम थांबलो.

तेही थांबले. वळले नाहीत.

१९ एप्रिल
आज आमचं सोंग. अंधार पडायला अजून अवकाश आहे. बाबांचा गुडघा सुजलाय, धोतराखाली लपवतायत. मधेच बसले तर टेंभा कुणी उचलायचा ते ठरलेलं नाही. विचारलं की ऐकू न आल्यासारखं करतात.

दुपारच्या जीपने सलीम आला, बरोबर त्याची चार वर्षांची झोया. ती आल्यापासून मला सोडत नाही. हे लिहितोय तेव्हाही मांडीवर बसून लाडू खातेय, वहीभर चुरा. सलीमला म्हटलं, हिला रात्री घरात माझ्या आईजवळ ठेव. तो म्हणाला, "रोएगी तो रोएगी. चाचा ही तो है."

झोयाचं रडणं मी कुठूनही ओळखतो.