रूपाच्या गोळ्या

देवपूर, धुळे
९ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. हेमांगीस,
आईचे अनेक आशीर्वाद वि. वि.

फोनवर बोललं तर शेजारी बठ्ठं ऐकू जातं, म्हणून लिहिते. तुझ्या रूपावहिनीचं लक्षण मला ठीक दिसत नाही. दर महिन्याला सरकारी दवाखान्यात एकटीच जाते. विचारलं तर म्हणते, रक्तवाढीच्या गोळ्या. शेजारच्या दिपमालानं तिला एड्सवाल्यांच्या रांगेत पाहिलं. डबीवरचा कागदही खरवडलेला शे. हे दुखणं माहेराहूनच आणलं असेल. आपला नवल भोळा, त्यात केळीच्या ट्रकवर सदा बाहेर. त्याला काय कळणार?

मी तिचं ताट, तांब्या वेगळा केला. छोटीला तिच्याजवळ झोपू देईना. काल लेकीला घेऊन फैजपूरला माहेरी निघून गेली. मनात काही नसतं तर भांडली नसती का?

वाचून झालं की फाडून टाक. जीव लावतेस तसाच लाव.

तुझी आई, भिकुबाई

मेहरूण, जळगाव
२० फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मलाही आधी वहिनीचाच संशय आला. फोन करून तिला स्पष्टच विचारलं. ती एवढंच म्हणाली, तुमच्या भावाला विचारा.

नवल रावेरला केळी भरायला आला होता, त्याला जेवायला बोलावलं. विचारलं तर त्याचा घास हातातच राहिला. आई, गोळ्या त्याच्या आहेत. लग्नाआधी टीबी झाला होता ना, तेव्हाच त्याच्या रक्तात एचआयव्ही सापडला. रूपाला त्यानं लग्नाआधीच सांगितलं होतं. ती स्वतः डॉक्टरांना भेटली, मग हो म्हणाली. तो गाडीवर असला की गोळ्या ती आणते. तुला मीच कळवावं म्हणाला, त्याची हिंमत होईना.

गोळ्या जन्मभर घ्यायच्या, मूत्रपिंड आणि हाडं तपासत राहायची. पण त्या न चुकता घेतल्यानं आता तपासणीत विषाणू सापडत नाही, त्यामुळे बायकोलाही लागण होत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. वहिनी आणि छोटी, दोघींना काही नाही. ताटातांब्यानं तर हे कुणालाच होत नाही.

माया असू दे, त्या दोघांवरही.

तुझी हेमांगी

देवपूर, धुळे
११ मार्च

चि. सौ. हेमांगीस,
अनेक आशीर्वाद.

खरं सांगू? तुझ्या पत्रावरही माझा विश्वास बसला नाही. वाटलं, बायकोला वाचवायला पोरगा स्वतःवर घेतोय. म्हणून हट्टानं त्याच्याबरोबर दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी त्याला विचारून मला समोर बसवलं आणि तू लिहिलंस तेच सांगितलं. मी नवलला विचारलं, रूपानं मला आधी का सांगितलं नाही. तो खाली बघत म्हणाला, मीच तिला शपथ घातली होती, तू मला दूर करशील अशी भीती वाटली.

बाहेर आले तर बाकावर रूपा. नवलनं फैजपूरहून बोलावून घेतलं होतं. मी तिला म्हटलं, घरी चल. घरी येते म्हणाली नाही, येत नाही असंही म्हणाली नाही. छोटीला मांडीवर घेतलं आणि बाकावर थोडी सरकली.

मी तिला अगदी लागून बसले.

तुझी आई