वगळलेल्या आठ ओळी

३ मार्च, सोमवार
साहेबांनी आज नवं लचांड गळ्यात मारलं. बाहेरच्यांनी लिहिलेली कोडची जी तयार पॅकेजेस आपण वापरतो, ती सगळी गिटमध्ये, म्हणजे कोडच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या आपल्या चोपडीत, रीतसर आणायची — मूळ इतिहासासकट! आधी त्यांची प्रत्येक आवृत्ती क्रमाने, मग वर आपण केलेले बदल. म्हणजे त्यांचं कुठलं, आपलं कुठलं, ते उघड दिसेल. इतकी वर्षं नुसत्या फायली आणून टाकल्यात. कोणी? बहुतेक भावोजींनीच.

वहिनी आणि धाकटा दीर एकाच ऑफिसात — सासूबाईंना केवढं कौतुक!

४ मार्च
जेवताना भावोजी म्हणाले, "वहिनी, लॉगिनचं पॅकेज तेवढं शेवटी घ्या. पंधरा दिवस थांबा ना." का? तर "असंच." असंच म्हणे! रुमालसुद्धा रंगांप्रमाणे लावून ठेवणारा माणूस. मनात पाल चुकचुकली.

५ मार्च
लॉगिनचंच आधी घेतलं.

६ मार्च, गुरुवार
मूळ इतिहास आला सगळा. कुठले कुठले लोक, हुज्जत घालत घालत कोड लिहितात — वाचायला मजा येत होती, खरं सांगते. मग त्यावर आपली प्रत ठेवली. आठ ओळींचा फरक! त्यांच्यात आहेत, आपल्यात नाहीत. आणि नेमक्या पासवर्ड तपासतात तिथल्या.

फाइलवर शेवटचा हात भावोजींचा. महिन्यापूर्वीचा. कारण कुठेच लिहिलेलं नाही.

त्या लॉगिनच्या मागे हजारो पेशंटांचे रिपोर्ट आहेत. कोणाला विकतायत की काय? आणि हल्ली त्यांच्या हातात दिसतो तो नवा फोन कुठून आला?

७ मार्च
चहाच्या मशीनपाशी गाठलंच. "त्या ओळी का काढल्या?" चेहरा पडला त्यांचा. "आत्ता नाही सांगता येणार, वहिनी. शब्द दिलाय." कोणाला? नवरा म्हणतो, "अगं, तो मुंगी मारायचा नाही!" भावाचा पुळका, दुसरं काय.

१० मार्च, सोमवार
साहेबांना सांगितलं. मूळच्या आठ ओळी परत घातल्या. आता आपली प्रत आणि त्यांची — तंतोतंत! भावोजींना कशाला कळवायचं? दुपारी साहेबांनी त्यांचा लॅपटॉप काढून घेतला, घरी बसा म्हणाले. जाताना ते माझ्या टेबलापाशी थांबले होते. मी मान वर केली नाही.

१२ मार्च
सासूबाईंनी माझं ताट वाढलं आणि उठून गेल्या. मी केलं ते बरोबरच केलं.

१९ मार्च, बुधवार
पॅकेजच्या मूळ लेखकांची मेल, जगभर सगळ्यांना. त्यांच्यातल्याच कोणीतरी पासवर्डाशिवाय आत शिरायची आठ ओळींची चोरवाट घुसवली होती — ताबडतोब काढा. खाली आभार. भावोजींचं नाव! "शोधून कळवल्याबद्दल, आणि आमची दुरुस्ती होईपर्यंत गप्प राहिल्याबद्दल."

आपल्याकडे ती वाट त्यांनी केव्हाच बंद केली होती. दहा तारखेला मी उघडली.