खाऊचा डबा

१२ फेब्रुवारी
आईने आज चहात साखरेऐवजी मीठ घातलं. मुकाट प्यायले. दुकानात दिवसभर डोकं ठिकाणावर नव्हतं — गिऱ्हाइकाच्या डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवून दिली. मालक म्हणाले, "बाई, चष्मा तुम्हालाच करून घ्या." हसले. काय करणार.

ग्रुपवर लिहिलं. 'खाऊचा डबा' हा एकच कोपरा उरलाय जिथे मला कुणी शहाणपण शिकवत नाही. आमच्यात व्हिटॅमिनच्या गोळ्यांना गोळ्या म्हणायचं नाही, खाऊ म्हणायचं. औषध डॉक्टरांचं, खाऊ आपला. सकाळ झाली की "खाल्ला का खाऊ?" सुरू. आईचं वाचून ग्रुपमधल्या गुडघेताईने लगेच लिहिलं, "धीर सोडू नकोस गं. तिचा केसांचा खाऊ मात्र चालू ठेव." गुडघेताईला मी कधी पाहिलेलं नाही. तिचे गुडघे मला तोंडपाठ आहेत.

२७ फेब्रुवारी
आईची थायरॉईडची गोळी डॉक्टरांनी आणखी कमी केली. रिपोर्टमध्ये जास्त येतंय म्हणे. मी म्हटलं, पण ती तर दिवसेंदिवस सुस्त होत चाललीये, विसरतेय. "वय झालं आता." मग नेहमीचा प्रश्न — दुसरं काही औषध देता का? नाही म्हटलं. देतच नाही तर काय सांगू.

१० मार्च
एवढ्या उन्हात आई शाल गुंडाळून बसते. तोंड सुजलंय, आवाज घोगरा. मला आज 'बाई' म्हणाली. कामवाली समजली असेल. न्हाणीघरात जाऊन रडले.

केसही गळताहेतच. गुडघेताई म्हणाली, खाऊ दुप्पट कर. केला.

१८ मार्च
दादा-वहिनी आले होते. दादा आईच्या समोरच म्हणाला, "आता हिला कुठेतरी ठेवायलाच हवं." मी म्हटलं, हळू बोल. "तिला काय कळतंय?"

आई भिंतीकडे बघत होती. मग मीही बोलले. तोंडाला कुलूप राहिलंच नाही. थकले म्हटलं, तिच्याकडे बघून घास उतरत नाही म्हटलं. सुटली बिचारी तर बरं — हेही बोलून गेले. वहिनी रडली. आई नाही.

२ एप्रिल
सोडून आले. वृद्धाश्रम चांगला आहे, खिडकीजवळची खाट मिळाली. नर्सबाईंनी पिशवी तपासली आणि खाऊची बाटली माझ्या हातात परत दिली. "चिठ्ठीवर आहे तेवढंच देतो आम्ही." म्हटलं, असू दे. आता केस राहिले काय आणि गेले काय.

निघताना आईने माझा पदर धरला होता. बोटं सोडवावी लागली. मी चांगली मुलगी नाही.

९ एप्रिल
ग्रुपवर उत्तर दिलं नाही. जगावंसं वाटत नाही असं लिहिलं होतं, पुसून टाकलं.

३० एप्रिल
वृद्धाश्रमाच्या डॉक्टरीणबाईंचा फोन. त्यांनी आईचं रक्त नव्याने तपासलं. थायरॉईड पार तळाला गेलंय. आधीचे रिपोर्ट असे कसे, म्हणाल्या. मग विचारलं, केसांसाठी, नखांसाठी काही देत होता?

हो, म्हटलं. खाऊ.

"काय?"

बायोटिन, म्हटलं. त्यांनी शांतपणे सांगितलं — ते पोटात असलं की या तपासणीचा आकडा खोटा येऊ शकतो. कमी असलं तरी जास्त दाखवतो. म्हणजे खोट्या आकड्यावरून डॉक्टर गोळी कमी करत गेले आणि आई विझत गेली. आणि मी रोज ती बाटली उघडत होते, कौतुकाने!

ग्रुपवर सगळं लिहिलं. गुडघेताईने पहिल्यांदाच फोन केला. आवाज अगदी कोवळा. हुंदके देत होती, मीच तिची समजूत काढली. रागवायचं तरी कुणावर?

२५ मे
गोळी पुन्हा पूर्वीइतकी केलीये. माझा भेटायला जायचा धीर होत नाही. दादा जाऊन आला. आईने त्याला ओळखलं, वर ही दाढी कसली म्हणून झापलं! दादाने फोनवर तीनदा तेच सांगितलं.

खोली धुतली. गादी उन्हात टाकली. तिला घरी आणायचं. पाय धरेन तिचे.

८ जून
आई येत नाही. म्हणाली, "मी इथेच राहते." अगं पण तू आता बरी आहेस, मी म्हटलं. ती माझ्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "तेव्हाही मला सगळं कळत होतं गं. नुसतं बोलता येत नव्हतं."